कूलंटमधील ऑईल आणि हेड उतरवण्याची घाई
तुर्भ्याच्या बाजारात भाजी पोहोचवणाऱ्या आमच्या डिझेल पिकअपच्या कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीत परवा तपकिरी साय दिसली, तेव्हा मेकॅनिकने लगेच हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवण्याचा सल्ला दिला. मला तो घाईचा वाटला. इंजिन चालू असताना ऑईलचा दाब साधारण ३ ते ४ बार असतो आणि कूलंटचा जेमतेम १ बार, म्हणून ऑईल कूलरला (कूलंटच्या मदतीने ऑईल थंड करणाऱ्या भागाला) बारीक चीर पडली तरी ऑईलच कूलंटमध्ये शिरते आणि डिपस्टिकवरचे (ऑईलची पातळी पाहायच्या पट्टीवरचे) ऑईल बराच काळ स्वच्छ राहते. आमचे तसेच होते. हेडमध्ये बिघाड असता तर दिसणारी लक्षणेही नव्हती: रेडिएटरमध्ये बुडबुडे नव्हते, धूरही पांढरा नव्हता. अखेर कूलर काढून, तोंडे बंद करून, पाण्यात बुडवून हवेचा दाब दिला, तेव्हा बुडबुड्यांची रांग उठली. ऑईलने फुगलेले रबरी होजही बदलावे लागणार आहेत.