खळं नेहमी तेवढंच का?

चंद्राला खळं पडलं, म्हणजे त्याच्याभोवती उजेडाचं मोठं कडं दिसलं, की मला हमखास फोटो येतात आणि मागोमाग प्रश्न: "हे दर वेळी एवढंच कसं? कधी लहान, कधी मोठं का नसतं?" तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

हात पुढे लांब करा, पंजा ताणा आणि अंगठ्याचं टोक चंद्रावर धरा. करंगळी साधारण खळ्यावर टेकेल. हे अंतर २२ अंशांचं. उंचावरच्या विरळ, दुधी ढगांत बर्फाचे षटकोनी स्फटिक असतात, पेन्सिलीच्या बारीक तुकड्यांसारखे. किरण एका बाजूने आत शिरतो आणि मधली एक बाजू सोडून पुढचीतून बाहेर पडतो. या दोन बाजूंमधला कोन ६० अंश. म्हणजे लोलकच की!

मला हे खरं उमगलं ते हातात काचेचा लोलक धरल्यावर. फटीतून आलेल्या उन्हात तो हळूहळू फिरवत होते. भिंतीवरचा रंगीत पट्टा सरकत आला, एका जागी थबकला आणि मी त्याच दिशेने फिरवत असतानाही मागे फिरला. पुन्हा केलं, पुन्हा तिथेच थबकला. त्या जागेच्या अलीकडे तो काही केल्या येईना. काच किरणाला किमान एवढं वळवतेच. यालाच लघुतम विचलन म्हणतात. काचेसाठी ते ३९ अंशांच्या आसपास. बर्फाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याची ताकद, कमी, १.३१, म्हणून तिथे २२.

आकाशात स्फटिक हवे तसे कलंडलेले असतात. तरी थबकण्याच्या त्या कोनाजवळ पुष्कळ किरणांची गर्दी होते, तीच आपल्याला कडं म्हणून दिसते. लाल रंग सर्वांत कमी वळतो, म्हणून आतली कड तांबूस. बाहेरच्या बाजूला उजेड हळूहळू विरत जातो.

चंद्राला अगदी चिकटून कधीकधी छोटं रंगीत वलय दिसतं, ते वेगळं. ते पाण्याच्या थेंबांमुळे होणाऱ्या विवर्तनाचं, म्हणजे थेंबांच्या कडेवरून जाताना प्रकाश पसरण्याचं, आणि थेंबांच्या आकारानुसार ते खरोखरच लहानमोठं होतं.

पण मला सर्वांत आवडतो तो खळ्याच्या आतला काळोख. तिथेही तेच ढग आहेत, तेच स्फटिक आहेत. फक्त २२ अंशांहून कमी वळवणं त्यांना जमत नाही, म्हणून त्यांनी वळवलेला प्रकाश आपल्या डोळ्यांना चुकवून दुसऱ्या कुणाच्या तरी खळ्यात जातो.