फिलरचं नाव लिहून द्या, मग सही करते

मुरुमांमुळे गालावर पडलेल्या खड्ड्यांसाठी मी लेझर आणि फिलर (खड्डा वर उचलायला त्वचेखाली टोचायचा पदार्थ) करून घेतलं. फिलरचं नाव लिहायला ज्या संमतीपत्रात जागाच नाही, त्यावर मी सही करणार नव्हते. ते नाव लिहून घेण्यातच माझी सगळी दमछाक झाली. लेझर त्या मानाने सरळ पार पडलं.

डॉक्टरांनी बाजूने उजेड टाकून, गाल बोटांनी ताणून एकेक खड्डा पाहिला होता. मुरुमांचे खड्डे सगळे सारखे नसतात. ताणल्यावर जो दिसेनासा होतो, त्याला फिलर लागू पडतं. सुईने टोचल्यासारख्या अरुंद, खोल खड्ड्यांना (डॉक्टर त्यांना आइस-पिक म्हणतात) फिलर भरून काही होत नाही. तिथे तीव्र टीसीए आम्ल टेकवतात किंवा तेवढा भाग कापून काढतात. पसरट, लाटेसारख्या खड्ड्यांची त्वचा आतल्या तंतूंनी खाली ओढून धरलेली असते. ते तंतू सुईने सोडवतात, त्याला सबसिजन म्हणतात. ही तपासणी झाल्याशिवाय कुठलंही पॅकेज घेऊ नका.

माझं लेझर फ्रॅक्शनल सीओटू होतं, म्हणजे त्वचेवर बारीक ठिपक्यांनी मारायचं कार्बन डायऑक्साइड लेझर. नंतर चेहरा लाल आणि मग बारीक तपकिरी खपल्यांनी खरखरीत झाला. खपली नखाने काढायची नाही. गव्हाळ-सावळ्या त्वचेवर लेझरनंतर काळपटपणा येऊ शकतो, म्हणून आधी छोट्या जागेवर चाचणी आणि सौम्य सेटिंग मागून घ्या. सनस्क्रीन तर रोज हवंच.

आता फिलरचा दिवस. काउंटरवरच्या फॉर्मवर नुसतं ‘फिलर’ छापलेलं होतं. कोणतं, किती, कुठल्या बॅचचं, काहीच नाही. मी विचारलं, तर उत्तर आलं, “मॅडम, सगळे हाच फॉर्म भरतात.” मग काउन्सेलर माहितीपत्रक घेऊन आल्या. त्यात हसरे चेहरे होते, नाव नव्हतं. “आम्ही चांगलंच वापरतो,” त्या म्हणाल्या. डॉक्टर आत कामात होते. तोवर बधिर करणारी क्रीम लावून घ्या, असा आग्रह सुरू झाला. मी नाही म्हटलं. चेहऱ्यावर क्रीम थापून बसलेला माणूस काहीही सही करतो.

मी अडून बसले, त्याला कारण होतं. हायल्युरोनिक आम्लाचं फिलर बिघडलं तर हायल्युरोनिडेझ नावाच्या इंजेक्शनने विरघळवता येतं. कायमस्वरूपी फिलरला तो मार्ग नाही. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर त्वचा एकदम पांढरी पडते, बहुतेकदा जोरात दुखतं, मग जाळीदार निळसर डाग येतात. नाकावरच्या आणि दोन भुवयांच्या मधल्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तपुरवठ्याशी जोडलेल्या असतात, त्यामुळे दृष्टी जाण्याचाही धोका असतो. अशा वेळी आत काय टोचलंय हे शोधत बसायला वेळ नसतो. म्हणून माझे प्रश्न दोनच होते: यात काय आहे, आणि हायल्युरोनिडेझ आत्ता इथल्या फ्रिजमध्ये आहे का? इतक्या साध्या प्रश्नांना तीन टेबलांवर उत्तर मिळू नये, याचा मला आजही संताप येतो.

शेवटी डॉक्टर बाहेर आले. फॉर्म वाचला, खोका मागवला आणि पेनने समासात नाव, मात्रा, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख लिहून दिली. खोक्यातल्या सिरिंजसोबत बॅचचे सोलून चिकटवायचे स्टिकर असतात. एक माझ्या केसपेपरवर लावला, एक मला दिला. दोन मिनिटांचं काम. हायल्युरोनिडेझची कुपीही दाखवली. मग मी सही केली. तो स्टिकर जपून ठेवा. पुढे कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी तो लागतो.

पसरट खड्डे बाजूच्या उजेडातही आता सहज दिसत नाहीत, याचा मला मनापासून आनंद आहे. अरुंद खड्डे आहेत तसेच आहेत, त्यांचं टीसीए पुढे करायचं आहे. हायल्युरोनिक फिलर हळूहळू विरतं, काही महिने ते वर्ष-दीड वर्ष टिकतं, हे धरून खर्च ठरवा. लेझरचा परिणामही लगेच मोजू नका, नवं कोलॅजन (त्वचेला भरीवपणा देणारं प्रथिन) तयार व्हायला महिने लागतात. आधीचे आणि नंतरचे फोटो एकाच खिडकीशी, दिवसाच्या त्याच वेळेला काढून ठेवा.

आणि हे अगदी आधी सांगायला हवं होतं: ओठांवर कधी तापाचे फोड येऊन गेले असतील तर लेझरपूर्वी डॉक्टरांना जरूर सांगा. लेझरने त्या फोडांचा विषाणू पुन्हा उसळू शकतो, म्हणून आधीच गोळ्या सुरू करतात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन चालू असेल किंवा नुकतंच थांबवलं असेल तर तेही सांगा.