सोलापुरात पाऊस पडतो तरी किती?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो. छप्पर काढता येणारी गाडी घेऊन कुणी आमच्या वर्कशॉपला आलं आणि मी छपराच्या कडेची सगळी रबरं बदलायला सांगितली, की प्रश्न ठरलेला असतो. ‘मालक, सोलापुरात पाऊस पडतो तरी किती? गळतंय तिथं जरा सिलिकॉन भरून द्या की.’ अशा गाड्या आपल्या गावात मोजक्याच. बाकीच्या पुणे-हैदराबाद रस्त्याने जाणाऱ्या हौशी लोकांच्या. पण प्रश्न सगळ्यांचा हाच.

पाऊस कमी, हे कबूल. पण रबर पावसाने खराब होतच नाही, ते उन्हाने होतं. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, आणि उघड्यावर उभ्या गाडीच्या छपरावरचं काळं रबर त्याहून कितीतरी जास्त तापतं. रबर मऊ राहावं म्हणून त्यात जे तेल मिसळलेलं असतं ते वर्षानुवर्षं असं तापून कमी होत जातं. मग रबर कडक होतं, आखडतं, लांबीला कमी पडतं आणि कोपऱ्यातून सुटतं. म्हणून जुन्या गाडीचं पाणी बहुतेक कोपऱ्यातूनच येतं. पाऊस फक्त ते दाखवून देतो. त्यातही आपला पाऊस रिमझिम कमी, वळवाचा आणि परतीचा जास्त. सप्टेंबरमधल्या एखाद्या संध्याकाळी वाऱ्यासकट आडवा येतो, आणि वर्षभर कोरडी राहिलेली गाडी तासाभरात आतून ओली होते. गालिचा खालून भिजलेला राहतो, पत्र्याला गंज लागतो, सीटखालच्या वायरिंगच्या जोडांवर हिरवट थर चढतो. तोवर गळती वरच्या कोपऱ्यातली होती हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

या गाड्यांची घडणच वेगळी आहे. पोर्शने १९६५ साली ९११ टारगा दाखवली तेव्हा मागची जाड कमान पक्की ठेवून मधलं छप्पर काढता येईल असं केलं. १९६८ च्या कॉर्व्हेटमध्ये मधोमध पट्टी ठेवून छपराचे दोन तुकडे केले. साध्या गाडीचं छप्पर एकसंध पत्र्याचं, तिथं सांधाच नाही. टारगात छपराला पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना सांधा आला. दोन तुकड्यांच्या छपरात मधल्या पट्टीवर आणखी दोन सांधे वाढले. शिवाय यातल्या बहुतेक गाड्यांच्या दाराला काचेभोवती चौकट नसते. काचेची वरची कड थेट छपराच्या रबरावर जाऊन दाबते.

म्हणूनच मी आधी रबराला हातच लावत नाही. आधी दार बघतो. बिजागरी झिजून दार खाली बसलं असेल तर काच तिरपी टेकते, आणि नवं रबर घातलं तरी एका टोकाला फट राहते. मग काचेची उंची आणि आतला कल जुळवायचा, मग छपराचे लॅच, म्हणजे छप्पर अडकवून धरणाऱ्या कड्या. ते सगळीकडे सारखे ओढून धरतात का, हे बघायला कागदाची पट्टी पुरते. सांध्यात पट्टी ठेवून दार किंवा छप्पर बंद करायचं आणि पट्टी ओढायची. जिथे ती सहज सुटून येते तिथे रबरावर दाब नाही. गाडी शिट्टी मारत असेल तर सांध्यावरून बाहेरून मास्किंग टेप लावून हायवेला एक चक्कर मारायची. शिट्टी थांबली तर हवा तिथूनच शिरत होती. पुष्कळदा एवढ्या तपासणीत निम्मं दुखणं कळतं, आणि क्वचित नुसतं लॅच कसूनही काम भागतं. तसं असेल तर मी रबर बदलायला सांगत नाही.

आता सिलिकॉन. याबद्दल मला खरंच कळकळ आहे, कारण असं सिलिकॉन खरवडण्यात माझे पुष्कळ दिवस गेले आहेत. रबराचं काम दबायचं आणि परत फुलायचं. छप्पर काढलं की ते मोकळं व्हायला हवं, लावलं की पुन्हा भरून यायला हवं. सिलिकॉन एका आकारात घट्ट बसतं. छप्पर दोनदा काढलं की ते फाटतं, येताना जुन्या रबराचे तुकडेही घेऊन येतं. व्हिनेगरसारखा वास येणारं साधं सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंज आणतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ते लागलेल्या जागेवर पुढे रबर चिकटवायचं कुठलंच सोल्यूशन नीट धरत नाही.

मीटरवर मिळणारं बीडिंग, म्हणजे रबराची सरळ पट्टी, काही जण सुचवतात. दाराच्या कडेला ते चालेल, छपराला चालत नाही. छपराच्या रबराचे कोपरे साच्यातून घडवलेले असतात. सरळ पट्टी वाकवून बसवली की वळणावर तिला सुरकुती पडते आणि पाणी तिथूनच वाट काढतं. त्यामुळे त्याच मॉडेलचं रबर मागवायला लागतं, ते महाग पडतं, यायला वेळही लागतो. घेताना ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर आहे ना, एवढं विचारा. साध्या नैसर्गिक रबराला हवेतला ओझोन आणि ऊन चिरा पाडतात, ईपीडीएम त्यांना पुष्कळ काळ दाद देत नाही. मात्र पेट्रोल आणि ऑइलने ते फुगतं. म्हणून रबर चकाकावं म्हणून साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल चोळू नका. सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरे. हे ग्रीस आणि वरचं भरायचं सिलिकॉन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

बसवताना सगळी मेहनत जुनं सोल्यूशन काढण्यात आहे. खोबणी प्लास्टिकच्या पट्टीने खरवडायची, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. नवं रबर आधी कोरडंच ठेवून बघायचं. कोपरे आधी बसवायचे, सरळ भाग नंतर, आणि ओढून अजिबात बसवायचं नाही. ओढलेलं रबर थोड्याच दिवसांत मूळ लांबीवर येतं आणि टोकाला फट सोडतं. उलट मधे किंचित जास्तीचं दाबून बसवायचं.

याच वेळी पाण्याच्या नळ्या बघाव्यात. छपराच्या सांध्यातून थोडं पाणी आत शिरणार, हे गाडी बनवणाऱ्यांनीच धरलेलं असतं. म्हणून रबराखाली पन्हळ असते आणि तिच्या टोकाला पाणी खाली सोडणारी बारीक नळी. आपल्याकडच्या धुळीने आणि कडुनिंबाच्या पाल्याने ती बुजते. जाड नायलॉनची दोरी हळूच आत सारून ती मोकळी करायची. कॉम्प्रेसरची जोराची हवा मारली तर आतला जोड निसटतो आणि पाणी थेट गालिच्यात उतरतं.

नवं रबर लावल्यावर दार जड लागेल. सुरुवातीचे काही आठवडे तसंच चालायचं. छप्पर काढाल तेव्हा ते कडेवर उभं करू नका, रबरावर सगळं वजन येतं. सोलापुरी चादर दुहेरी घालून तिच्यावर उताणं ठेवा.

आणि काम करून घ्यायचं असेल तर मे महिन्यात येऊ नका. सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून जरा चिकट होईपर्यंत थांबायचं असतं. मेच्या दुपारी ते जुळवाजुळव व्हायच्या आतच सुकतं. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आटोपली की, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत गाडी आणा. अगदी उन्हाळ्यातच निघालं काम, तर आदल्या संध्याकाळी गाडी शेडमध्ये सोडून जा. सकाळी सातला, पत्रा गार असतानाच, आम्ही सुरू करतो.