उशाखालचा विळा

पाचवी पुजली त्या संध्याकाळी आईनं विळा धुवून पुसून माझ्या उशाखाली ठेवला. बाळंतिणीच्या उशाला लोखंड लागतंच, ही आमच्या परभणीकडची रीत. त्याच रात्री पहिल्यांदा मनात आलं, माझ्याच हातून हा लेकीला लागला तर? दरदरून घाम फुटला. विचार काही केल्या जाईना. पहाटे ती भुकेनं रडायला लागली, तरी तिला घ्यायला हात पुढे होईनात. मी ते काखेत दाबून बसले होते.

धडधड सातव्या महिन्यापासूनच होती. बाळ हललं का, हे मोजत रात्र काढायची. डोहाळजेवणाला फुलांची वाडी घालून बसले, फोटोत हसलेसुद्धा. 'पहिलटकरणीला होतंच तसं', असं जी ती म्हणायची.

बाळंतपणात शेक-शेगडी, बाळंतशेपा, डिंकाचे लाडू सगळं वेळेवर होत होतं. पण हे सांगायचं कोणाला? लेकरू काढून घेतील, बाहेरचं लागलं म्हणून देवऋष्याकडं नेतील, याचीच धास्ती.

एकविसाव्या दिवशी आशाताई आल्या. बाळाचं वजन केलं, नाळ पडली ती जागा पाहिली आणि उठता उठता म्हणाल्या, "हात काहून लपवायलीस, बाई?"

मी सगळं सांगून टाकलं. त्या दचकल्या नाहीत. "उद्या दवाखान्यात जाऊ, मी येते संगं," एवढंच म्हणाल्या.

मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंनी १० प्रश्नांचा कागद भरून घेतला. बाळंतिणीची उदासी ओळखायची एडिनबर्गची ही प्रश्नावली १९८७ सालची आहे. शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याबद्दल असतो, तोही त्यांनी सरळ विचारला. मग विळ्याचं ऐकून म्हणाल्या, "असे नको असलेले विचार कितीतरी नव्या आयांना येतात. तुम्हाला त्यांची भीती वाटते, तुम्ही हात आवरता. ही चिंतेची लक्षणं आहेत, बरी होतात." याहून वेगळा, गंभीर आजारही त्यांनी आईला नीट समजावला. बाई भ्रमात बोलायला लागली, आवाज ऐकू यायला लागले, झोपेविना रात्री जाऊनही थकवा जाणवेना, तर त्याच दिवशी दवाखाना; तिला बाळाजवळ एकटं सोडायचं नाही. हजार बाळंतपणांत एखाद-दोघींना असं होतं. साधं रडू बऱ्याच जणींना येतं, पण ते दोन आठवड्यांपुढं गेलं तर दाखवायचंच.

थायरॉइड तपासलं. अंगावर पाजताना चालेल अशी गोळी दिली. गुण यायला चारेक आठवडे लागले आणि ते आठवडे फार जड गेले. ज्यांना दवाखाना लांब पडतो त्यांनी १४४१६ लावा. टेलिमानस म्हणजे मनाच्या आजारांसाठीची सरकारी मदतवाहिनी आहे, पैसे पडत नाहीत, रात्रीसुद्धा उचलतात, मराठीत बोलता येतं.

दवाखान्यातून परतताना एसटीत आई गप्पच होती. घरी आल्यावर तिनं विळा काढून माळवदावर नेऊन ठेवला. उशाखाली जुन्या पेटीचं कुलूप सरकवलं. "हेबी लोखंडच हाय," म्हणाली, आणि त्या रात्रीपासून माझ्या बाजेला लागून अंथरूण टाकून झोपायला लागली.