चार पुतळ्यांच्या चौकात सहकुटुंब

सोलापुरात सिद्धरामेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत आम्ही सारे, आईसह, संध्याकाळी चार पुतळ्यांच्या चौकात गेलो. यात्रा भरते त्या होम मैदानाकडे निघालेली कुटुंबे, रिक्षा आणि फुगेवाले यांनी परिसर गजबजला होता. तरीही लेकीने पुतळ्यांकडे बोट दाखवून ‘हे कोण?’ असे विचारले, याचे मला फार समाधान वाटले.

मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आले. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटून उठले, तेव्हा इंग्रजांनी शहरात मार्शल लॉ पुकारला आणि त्यानंतरच्या खटल्यात या चौघांना ही शिक्षा झाली. लिंगायत, मुसलमान, मराठा आणि मारवाडी घरांतले हे चौघे एकत्र उभे आहेत, हे मला या शहराचे सर्वांत मोठे वैभव वाटते.

सिद्धरामेश्वरांची यात्रा आणि या चौघांचा हुतात्मा दिन जानेवारीच्या त्याच दिवसांत येतात. म्हणूनच यात्रेला येणाऱ्यांनी मुलांना आधी येथे आणावे, असा माझा आग्रह आहे. आईने चारही नावे नातीकडून म्हणवून घेतली आणि मग आम्ही पाळण्यांकडे वळलो.