जांभळट कळ्यांची डहाळी

2025 च्या महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशीचा हा प्रसंग आहे. जालना-अंबड रस्त्यालगत आमची रोपवाटिका आहे. 1990 मध्ये रोजगार हमीशी निगडित फळबाग योजना सुरू झाली आणि मोसंबीच्या कलमांना एकाएकी मागणी आली, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, अर्ध्या एकरात ती उभी केली. गेली काही वर्षे हिशेब, विक्री आणि नोंदवह्या मी पाहते. शेतातली कामे माझे पती पाहतात आणि आबा सगळ्यांवर लक्ष ठेवतात, म्हणजे आम्हा दोघांवरही.

फेब्रुवारीचा शेवट आणि मार्च हे आमच्याकडे दुहेरी गर्दीचे दिवस असतात. कलिंगडाच्या रोपांची घाई त्या वर्षी तोवर संपली होती, कारण मार्चमधल्या रमजानच्या बाजारात माल यावा म्हणून शेतकऱ्यांनी ती रोपे डिसेंबरातच नेली होती. मात्र उन्हाळी मिरचीची रोपे नेणारे भोकरदन-सिल्लोडकडचे लोक याच सुमारास पिकअप घेऊन येतात, आणि पावसाळ्यात मोसंबी लावायची असलेले लोक कलमे डोळ्यांनी पाहून आगाऊ रक्कम भरून जातात. त्या दिवशी सकाळी मिरचीचे तीनशे ट्रे गाडीत भरायचे होते. एका ट्रेला 98 कप्पे, म्हणजे साधारण एकोणतीस हजार रोपे झाली. भरण्यापूर्वी तीन-चार दिवस आम्ही रोपांचे पाणी तोडत आणलेले असते, म्हणजे ती कणखर होतात आणि शेतातल्या उन्हाला तोंड देतात. पण नेमके त्याच दिवसांत ती थोडी मलूल आणि बुटकी दिसतात, आणि नवखा गिऱ्हाईक शेजारच्या वाफ्यातली लांबलचक, लुसलुशीत रोपे मागू लागतो. दाटीत सावलीला ताणली गेलेली ती रोपे शेतात गेल्यावर दोन दिवसांत माना टाकतात, हे समजावण्यात माझी अर्धी सकाळ जाते. जाणता शेतकरी उंची पाहत नाही. तो रोप ट्रेमधून अलगद उपसतो आणि कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या, लादीभोवती पांढऱ्या मुळ्यांची जाळी धरली आहे का, एवढेच पाहतो.

अशा धांदलीत घनसावंगी तालुक्यातले एक काका दुचाकीवरून आले. वय साठीच्या आसपास. त्यांच्या पिशवीत ओल्या पंच्यात गुंडाळलेली एक डहाळी होती. 2020 च्या जुलैमध्ये त्यांनी आमच्याकडून मोसंबीची 230 कलमे नेली होती. दोन एकरांत 20 बाय 20 फुटांवर 216 बसतात आणि उरलेली नांग्या, म्हणजे मेलेल्या झाडांच्या जागा, भरायला, असा तेव्हाचा हिशेब मला त्यांच्या बोलण्यावरून आठवला. त्यांच्या वडिलांची जुनी बाग 2012-13 च्या दुष्काळात विहीर आटल्याने जळून गेली होती आणि ती झाडे त्यांनी स्वतः कुऱ्हाडीने तोडली होती. त्यामुळे नवी बाग लावताना हा माणूस किती वेळा येऊन गेला होता, हे मी विसरले नव्हते.

"ताई, ही जात कोणती म्हणायची?" त्यांनी पंचा उलगडला. "आमच्या बागेत या जातीची चौदा झाडं निघाली. बाकीच्यांच्या दीडपट वाढलीत, काटाही असा आहे की शेळी तोंड लावत नाही. यंदा पहिल्यांदा पाणी तोडून, ताण देऊन या दिवसांतला आंबिया बहार धरला, तं फूलही निराळं आलं. मला नव्या एकराला हीच शंभर-सव्वाशे कलमं पाहिजेत."

डहाळी हातात घेताच माझ्या पोटात गोळा आला. मोसंबीची कळी दुधासारखी पांढरी असते. या कळ्यांच्या पाकळ्या बाहेरून जांभळट होत्या आणि कोवळ्या फुटीच्या टोकालाही तीच झाक होती. पान चुरगळले तर मोसंबीचा नव्हे, लिंबाचा वास आला. मोसंबीच्या पानाच्या देठाला दोन्ही बाजूंनी बारीक पंख असतात, तेही इथे नावालाच होते. ती जंबेरी होती. मोसंबीचा डोळा, म्हणजे काडीवरून सालीसकट काढलेला कोंब, ज्याच्यावर भरून कलम करतात तो खुंट. म्हणजे त्यांच्या बागेतल्या त्या चौदा झाडांवर मोसंबी नव्हतीच. आम्ही भरलेला डोळा मेला होता आणि खालच्या खुंटाने स्वतःचे झाड केले होते. दुसऱ्याला पोसण्याचे काम उरले नाही की खुंट असाच माजतो, म्हणूनच ती झाडे बागेत सर्वांत जोमदार दिसत होती. त्यांना फळे आली असती, पण ती खडबडीत सालीची, आंबट ढाण आणि बाजारात कोणी हात न लावणारी.

त्या वेळी टेबलाशी आणखी तिघे जण उभे होते. त्यांतले मंठ्याकडचे एक गृहस्थ 400 कलमांच्या आगाऊ रकमेच्या नोटा मोजत होते. खरे सांगायचे तर, "काका, संध्याकाळी निवांत बोलू" हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते, आणि ते म्हणण्यात वरवर पाहता काही खोटेही नव्हते. पण काका नवी शंभर कलमे मागत होते, तीही त्या जातीची. मी गप्प राहिले असते तर माझ्या गप्प राहण्यावरच त्यांनी दुसऱ्या एकराचा बेत रचला असता. मी डहाळी टेबलावर ठेवली, आमच्याच वाफ्यातून मोसंबीचे एक पान आणि जंबेरीच्या रोपाचे एक पान आणून तिच्याशेजारी मांडले, आणि सगळ्यांसमोर काय झाले आहे ते सांगितले.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी तिन्ही पाने एकेक करून चुरगळून हुंगली आणि म्हणाले, "म्हणजे साडेचार वर्षं मी खुंटालाच पाणी घातलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण तो असता तर मला सोपे गेले असते. मंठ्याच्या गृहस्थांनी नोटा पुन्हा खिशात ठेवल्या आणि पाडव्यानंतर येतो असे सांगून ते निघून गेले. मी त्यांना थांबवले नाही. त्यांच्या जागी मी असते तर हेच केले असते.

चूक कुठे झाली हे शोधायला फार वेळ लागला नाही. फळरोपवाटिकांसाठीच्या 1969 च्या राज्याच्या कायद्याप्रमाणे आमच्याकडे परवाना आहे आणि खुंट कुठला, डोळा कुठल्या मातृवृक्षाचा याची नोंद ठेवणे त्यात बंधनकारक आहे. आबांनी ती सवय आम्हाला परवान्यापेक्षाही कडकपणे लावली आहे. त्या नोंदवहीत 2020 चा लॉट स्पष्ट सापडला. खुंट जंबेरीचे, डोळे बदनापूरच्या मोसंबी संशोधन केंद्रातून आणलेल्या झाडांपासून वाढवलेल्या आमच्या मातृवृक्षांचे, आणि डोळे भरणे जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. डोळे भरणारे कारागीर दर हिवाळ्यात विदर्भातून, वरूडच्या बाजूने येतात. डोळा भरल्यावर तीन-चार आठवड्यांनी प्लास्टिकची पट्टी सोडायची, डोळा हिरवा असेल तर त्याच्या वर खुंट कापायचा, आणि त्यानंतर किमान दोन महिने दर आठ दिवसांनी प्रत्येक पिशवी पाहून डोळ्याखालून येणारी फूट खुडायची, असा क्रम असतो. 25 मार्चला देशभर टाळेबंदी झाली तेव्हा आम्ही नेमके या तिसऱ्या टप्प्यावर होतो. कारागीर त्याच्या आदल्या दिवशीच मिळेल त्या वाहनाने घरी परतले होते, गावातल्या बायकांना कामावर येणे शक्य नव्हते, आणि हजारो पिशव्या आम्ही घरचे चौघे जण पाणी देऊन जगवत होतो. फूट खुडण्याच्या रकान्यात एप्रिल आणि मे महिन्यांत एकही नोंद नाही. ज्या पिशव्यांतला डोळा मेला होता त्यांतल्या खुंटाला खालून फूट आली, ती सरळ वाढली, आणि जुलैत घाईने कलमे भरून देताना हिरवेगार शेंडे पाहून ती चांगल्या कलमांत मिसळली. शेंडा पाहू नका, सांधा (डोळा खुंटाला जुळतो ती जागा) पाहा, हे मी रोज गिऱ्हाइकांना सांगते. त्या जुलैत आम्हीच सांधा पाहिला नव्हता.

मिरचीचे काम पतींवर सोपवून दुपारी आबा, वरूडकडचे एक कारागीर आणि मी काकांच्या मागोमाग त्यांच्या शेतावर गेलो. पैठणच्या डाव्या कालव्याच्या पट्ट्यातली ती काळी जमीन, बांधावर एक पळस अंगभर फुललेला, आणि दोन एकरांत फुलोऱ्याचा असा दरवळ की क्षणभर आपण कशासाठी आलो आहोत याचा विसर पडावा. मधमाश्यांचा आवाज एकसारखा चालू होता. आबा कोणाशी न बोलता पहिल्या ओळीपासून सुरू झाले. प्रत्येक झाडापाशी उकिडवे बसायचे, बुंध्यावरची माती हाताने सारायची आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर सांधा शोधायचा. कलमाचा सांधा हाताला लागतो, कारण तिथे बुंधा किंचित बाकदार असतो आणि वरची साल खालच्या सालीहून वेगळी दिसते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाने 216 झाडांपाशी बसून उठावे हे मला पाहवत नव्हते, पण त्यांना अडवण्याची माझी हिंमत झाली नाही.

काकांनी चौदा सांगितली होती; निघाली सतरा. अकरा झाडे पूर्णपणे जंबेरीची होती. त्यांतल्या एकाच्या बुंध्यात, सालीने अर्धवट गिळलेली, बोटाच्या पेराएवढी प्लास्टिकची पट्टी अजून रुतलेली होती. उरलेल्या सहांमध्ये मोसंबी जिवंत होती, पण सांध्याखालून आलेल्या जंबेरीच्या फांदीने तिला एका बाजूला रेटले होते, आणि काकांनी साहजिकच त्यातली दांडगी फांदी राखून दुबळी छाटत आणली होती. या सहांचा उपाय सोपा होता. जंबेरीची फांदी बुंध्यालगत कापली आणि कापावर बोर्डो पेस्ट लावली: एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी या हिशेबाने आबांनी ती निघतानाच कालवून घेतली होती.

अकरा झाडांसाठी मी दोन मार्ग सुचवले. ती उपटून पावसाळ्यात नवी कलमे लावायची, अर्थात आमच्या खर्चाने. किंवा तीच झाडे अडीच फुटांवर छाटायची आणि नव्या फुटी पेन्सिलीएवढ्या जाड झाल्या की त्यांवर जागेवरच डोळे भरायचे. काकांनी दुसरा मार्ग निवडला. त्यांचे म्हणणे मला पटले: मूळ साडेचार वर्षांचे आहे, ते कशाला घालवायचे, वरचे झाड त्याच्या बळावर लवकर भरून येईल. तीन झाडांच्या अंगावर योग्य जाडीच्या पाणफुटी, म्हणजे सरळ वाढलेल्या जोमदार फुटी, होत्या आणि झाडात रस चालू असल्याने साल सहज सुटत होती, त्यामुळे आमच्या मातृवृक्षाच्या काड्यांवरचे डोळे कारागिराने तिथल्या तिथे भरले. सात झाडे छाटून ठेवली. त्यांच्यावर पुढच्या हिवाळ्यात काम करायचे ठरले. अकरावे, बांधाकडचे, काकांनी कापू दिले नाही.

"एक राहू द्या," ते म्हणाले. "खुंटाला बी लागतंच ना तुम्हाला?"

बी लागते हे खरे आहे, आणि जंबेरीच्या एका बीतून बहुधा आईसारखीच रोपे येतात म्हणून ते उपयोगीही पडते. पण त्यांनी ते मला माफ केल्याच्या सुरात म्हटले की टोमणा म्हणून, हे मला त्या वेळी कळले नाही, आणि विचारण्याचे धाडसही झाले नाही. नव्या एकराच्या नोंदणीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. चहा मात्र त्यांनी आग्रहाने पाजला. कार्यालयात बसून भरपाईचा आकडा ठरवायचा झाला असता तर आम्ही त्या वर्षी कलमामागे घेतलेल्या रकमेचा गुणाकार केला असता, आणि तो आकडा त्या सतरा झाडांना घातलेल्या पाण्याच्या, शेणखताच्या आणि मजुरीच्या जवळपासही गेला नसता. दोन-तीन वर्षे त्या झाडांचे छाटणी-फवारणीचे काम आमचा माणूस येऊन करेल, एवढे आबांनी स्वतःहून कबूल केले. घरी येताना ते गाडीत एकच वाक्य बोलले: "रकाना रिकामा होता, तं माल विकायचा नव्हता."

रात्री जेवण झाल्यावर मी 2020 ची विक्रीची वही काढली. त्या लॉटची कलमे काकांखेरीज आणखी नऊ जणांनी नेली होती. फोन लावायला सुरुवात केली. पहिल्यांनी पाण्याअभावी बाग दोन वर्षांपूर्वीच मोडून तिथे कापूस लावला होता. दुसरे शांतपणे ऐकून म्हणाले की रविवारी येऊन झाडे पाहा. तिसऱ्यांना बागेत काटेरी आणि जास्त जोमाची झाडे आहेत का, असे विचारताच ते खुशीत आले आणि म्हणाले, "आहेत तं! पाच-सहा आहेत. काहून, त्या जातीची कलमं आलीत का तुमच्याकडं?"

मी वहीत त्यांच्या नावापुढे खूण केली आणि पहिल्यापासून सांगायला लागले.