कंडोमच्या अर्जात 'कंडोम' लिहू देईनात

मोठ्या क्रीडास्पर्धेत मोफत कंडोम आणि सुरक्षित संबंधांची माहिती ठेवायची, एवढंच आमच्या गटाचं म्हणणं होतं. माल मिळाला, स्वयंसेवक मिळाले, माहितीपत्रक दोन दिवसांत छापून झालं. अडलो ते एका शब्दावर, आणि तो राग अजून गेलेला नाही.

आयोजन समितीच्या अर्जात 'साहित्याचे स्वरूप' असा रकाना होता. मी लिहिलं, 'कंडोम'. टेबलापलीकडच्या बाईंनी आवाज खाली करून सांगितलं, "अहो, इतकं उघड कशाला लिहिता? आरोग्य साहित्य लिहा ना." मी नाही म्हटलं. आठ दिवसांनी अर्ज परत आला, वर शेरा: 'योग्य शब्दरचना करून पुन्हा सादर करावे.' मग म्हणाले, 'कुटुंबनियोजन साहित्य' लिहा. पण प्रश्न तेवढाच नव्हता. घरापासून लांब आलेली तरुण मुलंमुली, महिनोन्महिन्यांचा ताण एका सामन्यानंतर उतरलेला. नको असलेली गर्भधारणा आहेच, पण एचआयव्ही, गनोरिया, सिफिलिस, क्लॅमिडिया या संबंधांतून पसरणाऱ्या आजारांचं काय?

तिसऱ्या खेपेला एक पान जोडलं. 1988 च्या सोल ऑलिंपिकपासून खेळाडूंना कंडोम दिले जातात. 2000 साली सिडनीत 70 हजार कमी पडले, आणखी 20 हजार मागवावे लागले. 2016 ला रिओत साडेचार लाख ठेवले, त्यांत 1 लाख स्त्रियांसाठीचे. समितीच्या साहेबांनी पान वाचलं आणि म्हणाले, "ते ऑलिंपिक हो." म्हणजे आमच्या स्पर्धेतल्या मुलांची शरीरं वेगळी?

स्पर्धा चार दिवसांवर आली तेव्हा मी 'आरोग्य साहित्य' लिहून दिलं. त्याच संध्याकाळी सही झाली. तिथेच चुकलं.

फाटकावर रक्षकाने खोकं उघडलं. परवानगीत 'आरोग्य साहित्य', खोक्यावर ठळक 'कंडोम'. "कागदावर हे नाही," तो म्हणाला, आणि त्याचं बरोबरच होतं. चार तास फोन करत उभे होतो. खोकी उन्हात. सावली मिळेना, म्हणून आम्ही दोघी फलकाचं कापड त्यांच्यावर धरून उभ्या राहिलो, कारण लॅटेक्सला, म्हणजे कंडोमच्या रबराला, ऊन आणि उष्णता मानवत नाही. अखेर समितीचा माणूस आला आणि त्याच परवानगीवर पेनने 'कंडोम' लिहून सही करून गेला. अर्ध्या मिनिटाचं काम!

तेव्हा कुणी हे करणार असाल तर खरा शब्दच लिहा, परत पाठवला तरी तोच लिहा, आणि दर वेळी पोच घ्या. खोक्यावर जे छापलंय तेच कागदावर हवं.

पुढचं सगळं सुरळीत झालं. एक मात्र आम्हाला आधी सुचायला हवं होतं: खेळाडूंच्या बॅगेत मालिशचं तेल असतंच, आणि वंगण म्हणून तेच हाताशी येतं. तेलाने लॅटेक्स कमकुवत होऊन फाटतं. पाण्यावर किंवा सिलिकॉनवर आधारित वंगणच चालतं. हे पत्रकात शेवटच्या ओळीत होतं, दुसऱ्या दिवशी मोठ्या अक्षरांत फलकावर घेतलं. दोन कंडोम एकावर एक घातले की जास्त सुरक्षित, असं समजणारेही बरेच भेटले. तसं नाही, घर्षणाने ते फाटू शकतात.

टेबलावर लोक लाजतात. स्वच्छतागृहात ठेवलेले डबे मात्र रात्रीत रिकामे व्हायचे, म्हणून सकाळी पहिलं काम ते भरण्याचं. पाकीट कसं तपासायचं हे हातात देऊन दाखवा: आधी मुदतीची तारीख, मग अंगठ्याने हलकं दाबायचं. आत हवेची उशी लागली तर पाकीट शाबूत. उशी नसेल तर टाकून द्या. फाडताना दात किंवा कात्री नको.

आणि एक राहिलंच. कंडोम फाटला तर कुठे जायचं, ते पत्रकावर पहिल्याच ओळीत हवं. एचआयव्ही टाळण्याची औषधं जितकी लवकर तितकी बरी, फार तर 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात. शेवटच्या रात्री एक मुलगी हेच विचारायला आली. तिच्याकडे अजून 60 तास होते, आणि दवाखान्याचा पत्ता आमच्याकडे होता.